वास येतोय का?

साऱ्या रायगड जिल्ह्यात दमट हवेशी व्यक्तिगत वैर धरून बसलेला माणूस एकच आहे, आणि तोच नेमका माझ्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. बाकीचे लोक पावसाळ्यात पापड मऊ पडले, दार फुगलं, पांघरुणांना वास आला म्हणून कुरकुरतात आणि दिवाळीपर्यंत सगळं विसरतात. आमचे भाऊजी विसरत नाहीत. हवेतला ओलावा सांगणारं एक गोल घड्याळ त्यांनी रोह्याच्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी टांगलंय, आणि सकाळी उठल्यावर ते देवांच्या आधी त्याच्याकडे बघतात, तेही रागाने. बरं, एवढं वैर आहे तर माणसाने कुठेतरी कोरड्या मुलखात जाऊन राहावं. भाऊजींनी सगळी नोकरी बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत केली, निवृत्त झाले, आणि जिला ओल्या हवेचा वाराही सोसत नाही अशी पावडर बनवायला थेट धाटावच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला. जिथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो तिथे. "भाऊजी, इथंच का?" असं कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "इथं टिकली तर कुठंही टिकंल." हे ते इतक्या शांतपणे म्हणत की विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटे.

ही पावडर काय प्रकरण आहे ते मला कळलं तेवढं सांगतो. मी जोह्याचा गणपतीवाला. माझं सगळं शिक्षण शाडूत आणि रंगात झालं. भाऊजींच्या गाळ्यात दुहेरी भिंतीचं एक पोलादी पिंप आहे, आणि त्या दोन भिंतींच्या मधून सारखं थंड पाणी फिरत असतं. पिंपातली हवा ओढून काढायची, आत नायट्रोजन भरायचा आणि वरच्या टॉर्चमधून खाली ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यावर विजेची ज्योत सोडायची. या ज्योतीला ते प्लाझ्मा म्हणतात. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून मी ती एकदाच पाहिली. बोटभर लांबीची असेल, पण काळ्या काचेपलीकडेसुद्धा तिच्याकडे सरळ बघवेना, आणि तिचा आवाज छातीत लागत होता. त्या ज्योतीखाली धातू नुसता वितळत नाही, तर उकळतो आणि त्याची वाफ होते. ती वाफ नायट्रोजनशी जुळते आणि थंड भिंतीवर काजळीसारखी जाऊन बसते. ही काजळी म्हणजे भाऊजींची पावडर. पुढे ती दाबून, भाजून तिच्या चिनीमातीसारख्या पातळ चकत्या करतात. त्या चकत्या उष्णता पळवून लावतात पण वीज अडवतात, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना त्या हव्या असतात. मी पहिल्यांदा मोठ्या अभिमानाने माझी वस्त्रगाळ शाडू त्यांना दाखवायला नेली होती. त्यांनी चिमूट बोटांत चोळली, बराच वेळ चोळली, आणि म्हणाले, "हे धोंडे हायत." त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

धुळीच्या बाबतीत ते सोवळ्यातल्या माणसाहून कडक. गाळ्यात जाताना चपला बाहेर, डोक्याला कापडी टोपी, अंगात त्यांनी दिलेला कोट, आणि दारात ठेवलेल्या ओल्या फडक्याने हात, मान, कान पुसायचे. अंगाला टाल्कम पावडर लावलेला माणूस तर त्यांना शत्रूच वाटे. नागोठण्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मानेवर तिचा पांढरा पट्टा दिसला, तर हे अक्षता न टाकताच मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. मी तर धंद्यानेच धुळीचा माणूस, म्हणून माझ्यासाठी वेगळा नियम होता: आत यायचंच नाही. "तुझ्या एका भुवईत माझं महिन्याचं काम बुडंल," असं ते म्हणत. तेव्हा मी जोह्याहून पेण, पेणहून रोहा, रोह्याहून धाटाव असा प्रवास करून गाळ्याच्या खिडकीबाहेर उभा राहायचो आणि इस्पितळात भेटायला आल्यासारखी चौकशी करून परत जायचो. ज्योत पाहायला मिळाली त्या दिवशीही आधी आंघोळ करावी लागली होती आणि त्यांचाच लेंगा-सदरा घालावा लागला होता.

पण भाऊजींची खरी ओळख म्हणजे त्यांचं नाक. त्या पावडरीला ओल लागली की ती हळूहळू नासते, आणि नासताना अमोनियाचा वास सोडते. गुरांच्या गोठ्यात सकाळी येतो तसला, डोळ्यांत जाणारा. एवढीच तिची तक्रार करायची भाषा. त्यामुळे भाऊजी अहोरात्र हुंगत असत आणि भेटेल त्याला विचारत, "वास येतोय का?" गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला विचारत, लाइटचं मीटर बघायला आलेल्याला विचारत. एकदा पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाला त्यांनी आधी आत घेऊन बाटली हुंगायला लावली आणि मग रस्ता सांगितला. धाटावच्या हवेत वासांची काही कमतरता नाही, पण त्यातला प्रत्येक वास त्यांना ओळखू येई. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर कामगार मुद्दाम त्यांना विचारत, "काका, आज कोनाचं काय?" आणि हे मान वर करून, डोळे मिटून कुठल्या कंपनीचा कसला वास ते सांगत. गंमत अशी, की हे नाक फक्त गाळ्यापुरतं चाले. घरी दूध करपून भांडं काळं पडलं तरी त्यांना पत्ता नसे. ताई म्हणायची, "ह्यांचं नाक कंपनीत ठेवलेलं असतं, घरी फक्त चष्मा अडकवायला आणतात."

तिसरी खोड म्हणजे सावकाश उघडणं. ही मात्र त्यांना अद्दल घडल्यामुळे लागली. पिंपात जन्मलेल्या त्या पावडरीने हवा कधी बघितलेलीच नसते. झाकण एकदम उघडून तिला हवा दाखवली, की ती पेट घेते. गाळा सुरू झाला त्याच वर्षी भाऊजींनी आनंदाच्या भरात झाकण एकदम उचललं होतं. बिडीचं टोक लाल होतं तशी पिंपाची सगळी भिंत आतून लाल होत गेली, आणि हे झाकण हातात धरून बघत राहिले. तेव्हापासून नियम असा, की काम झालं की पिंप तसंच बंद ठेवायचं, थंड होऊ द्यायचं, आणि मग एका बारीक तोटीतून केसाएवढी हवा आत सोडायची. थांबायचं, पुन्हा सोडायची, पुन्हा थांबायचं. दाण्यादाण्यावर पातळ कातडी धरली पाहिजे. एकदा ती नीट धरली, की पावडर पेटत नाही आणि ओलीलाही फारशी दाद देत नाही. "तिला हवेची सवय लावायची," असं ते म्हणत, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा बाळाला पहिल्यांदा पेज भरवणाऱ्या माणसासारखा होई.

ही सवय त्यांनी पावडरीपुरती ठेवली असती तर तक्रार नव्हती. ते सगळंच तसं उघडू लागले. कुकरची शिट्टी ते इतक्या हप्त्यांनी काढत की आतल्या भाताची खिमट होई. नात्यातल्या एका साखरपुड्यात पेढ्यांचा पुडा त्यांच्या हाती दिला, तो उघडेपर्यंत मुलीकडचे निम्मे लोक बसला गेले. स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा आधी दार बोटभर ढकलणार, उभे राहणार, मग थोडं आणखी. मुलीच्या नोकरीच्या पत्राचं पाकीट त्यांनी असं काही उघडलं की नोकरी लागलेली पोरगी रडायला लागली. अलीकडे तर हा प्रकार फारच वाढला होता. चष्म्याची डबीदेखील टेबलावर टेकवून, दोन्ही हातांनी, श्वास रोखून उघडत. आम्ही सगळे त्यावर हसायचो. मी त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि माणसं लोळायची.

गेल्या श्रावणात मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याआधी पाठवलेली पावडर दोनदा परत आली होती. पोचेपर्यंत तिला वास सुटला होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या चकत्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या मॅडम अजून ऐकून घ्यायला तयार होत्या, पण त्यांनी एक अट घातली. भर पावसाळ्यात त्या स्वतः येणार, त्यांच्यासमोर पिंप उघडायचं, आणि पावडर तिथेच उघड्या हवेत ठेवून दाखवायची. ती टिकली तर त्या कायमची घेणार. नाही टिकली, तर गाळा बंद करायचा आणि दोघांनी मुलीकडे नाशिकला जाऊन राहायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं. भाऊजी त्यावर फक्त "बरं" म्हणाले. ताईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला त्या "बरं"ची भीती वाटली. हा माणूस आयुष्यात पहिल्या झटक्यात कशालाही बरं म्हणालेला नव्हता.

"तू ये रं," ताई म्हणाली. "त्यांच्याजवळ कोनीतरी पायजे. मला काय त्या यंत्रातलं कळत नाय."

"ताय, गणपती तोंडावर आलेत. अर्धा कारखाना डोळ्यांवाचून बसलाय."

"तुझे गणपती थांबतील गो बाय, हे नाय थांबायचे. आणि येताना अंगाची माती काढून ये."

ती चिडली की मलाही गो म्हणते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडे मीच करतो, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. तरी ब्रश धुऊन ठेवला, दोनदा अंग घासलं आणि पहाटेच निघालो.

रोह्याला पोचलो तर भाऊजी गाळ्यावर गेलेले होते. धाटावला त्यांच्या दारात उभा राहिलो आणि क्षणभर ओळखच पटेना. पांढरंशुभ्र डोकं एका रात्रीत काळंकुळकुळीत झालं होतं. कानाच्या पाळीवर आणि मानेवर काळे ओघळ होते. मॅडमसमोर माणूस म्हातारा दिसला तर त्या पावडरीलाही म्हातारी समजतील, अशा हिशेबाने ताईने सकाळी सकाळी त्यांचं डोकं रंगवलं होतं, आणि पंपाचं पाणी बघायची घाई म्हणून हे अर्धवट धुऊन, वर हेल्मेट चढवून निघून आले होते. एरवी मी या गोष्टीवर आठवडाभर जगलो असतो. पण त्यांचा चेहरा बघून तोंड उघडलं नाही. पिंप आदल्या दिवशीच चालवून झालं होतं. ते बंद, थंड, गप्प उभं होतं. बाहेर पाऊस लागला होता आणि गाळ्यातल्या तसल्याच दुसऱ्या ओलाव्याच्या घड्याळाचा काटा शेवटाला टेकला होता.

भाऊजींनी नियम विसरून मला आत घेतलं, डोक्याला टोपी घातली, दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने जागीच थांबले. नाकपुड्या हलल्या.

"वास येतोय का?"

मी हुंगलो. माझं नाक आयुष्यभर रंग आणि टर्पेंटाइन खाऊन बसलेलं. "मला नाय येत," मी म्हणालो.

ते पिंपाजवळ गेले, हुंगले. बाटल्यांच्या फळीजवळ गेले, हुंगले. पंपाच्या नळीपाशी वाकले, मग खिडकीच्या फटीला नाक लावलं, मग पुन्हा पिंप. प्रत्येक ठिकाणाहून ते जास्त पांढरे पडून परत येत होते. "सगळीकडं सारखाच," ते म्हणाले. "अमोनिया. पिंप गळतंय. रातभर ओली हवा आत जात व्हती." मी दाबाचा काटा दाखवला, तो जागच्या जागी होता. ते म्हणाले, काटा खोटं बोलतो, नाक बोलत नाही. टोपीखालून घाम गळत होता, आणि जितका घाम येत होता तितका त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वास वाढत होता. शेवटी ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मॅडमना फोन लाव. कोलाडपर्यंत आल्या असतील. सांग, येऊ नका."

मी फोन हातात धरून उभा राहिलो. काय करावं ते सुचेना. हा फोन केला तर गाळा आजच संपला, हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. नाही केला, तर त्या बाईसमोर नासकी पावडर निघणार आणि त्यांची जन्माची शोभा होणार. मी उगाच रेंज शोधत खिडकीशी गेलो. तेवढ्यात दारात ताई आली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जेवणाचा मोठा डबा. इतक्या वर्षांत ती उंबऱ्याच्या आत कधी आलेली नव्हती. त्यांनी येऊच दिलं नव्हतं. आमची तोंडं बघून ती आत आली.

"काय झालं?"

"वास येतोय," भाऊजी म्हणाले. "सगळं गेलं."

ताई सरळ त्यांच्याकडे चालत गेली, त्यांची टोपी उचलली, वाकून त्यांच्या डोक्याचा वास घेतला आणि चार पावलं मागे सरली. "अहो, हा डायचा वास हाय. पुडीवर लिवलंय अमोनिया म्हणून. सांगत व्हते ना, नीट धुवा? डोकं घेऊन फिरताय सगळीकडं आणि सगळीकडं वास येतो म्हणताय."

भाऊजींनी हळूहळू मान खाली घातली, स्वतःच्या हाताने केस चोळले आणि तो हात नाकाशी नेला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं त्याला हसू म्हणावं की रडू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग धावपळ. मागच्या बाजूच्या नळाखाली त्यांना ओणवं केलं. ताई साबण चोळतेय, मी बादलीने पाणी ओततोय, पावसाच्या पाण्यात काळे ओहोळ वाहताहेत, आणि नेमकी त्याच वेळी मॅडमची गाडी फाटकातून आत आली. त्या छत्री उघडून उतरल्या आणि या देखाव्यासमोर उभ्या राहिल्या. भाऊजी नळाखालूनच म्हणाले, "नमस्कार. वासाचं जरा तपासत होतो." मॅडमनी मान डोलावली. बाई शहाणी असावी, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

आत सगळे टोप्या-कोट घालून उभे राहिले. माझा तर आत यायचा हक्क नव्हता, पण त्या गोंधळात मला बाहेर काढायचं कुणाला आठवलं नाही. ताईही कोपऱ्यात थांबली. मॅडमनी वेळ लागेल का विचारलं; भाऊजी म्हणाले, लागेल. मग ते पिंपापुढे बसले आणि हवेच्या बारीक तोटीकडे हात नेला. मी त्यांच्या मागेच होतो, म्हणून मला दिसलं. हात थरथरत होता. थंडीने किंवा घाबरून थरथरतो तसा नव्हे. त्याला स्वतःची एक लय होती, थांबवू म्हणून थांबणारी नव्हती. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. तोही तसाच. तोटीला बोटं लागली आणि पितळेवर बारीक टकटक ऐकू आली. चष्म्याची डबी टेबलावर का टेकवत होते ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. मॅडमकडे पाहिलं नाही, ताईकडे पाहिलं नाही. मान थोडी वळवून मला म्हणाले, "डोळे आखतोस ना तू? मग इकडं बस. तोटी तू फिरव. मी सांगतो तेवढीच."

मी बसलो. उंच मूर्तीच्या पापणीची रेघ ओढताना मी श्वास धरतो तसा धरला. "आता," ते म्हणाले. मी तोटी दिसेल न दिसेल इतकी फिरवली. "थांब." आतल्या उष्णतेचा आकडा एका पाटीवर दिसत होता. तो हलला, थोडा चढला आणि थबकला. "आता." पुन्हा. "थांब." असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. पाय बधिर झाले. मॅडम सुरुवातीला घड्याळ बघत होत्या, नंतर त्यांनी बघणं सोडून दिलं आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मग एकदा आकडा चढला तो थांबेना. "बंद कर," भाऊजी म्हणाले. मी बंद केली. आकडा चढतच होता. पावडर पेटायला लागली तर ती अशीच पेटते, हे खोलीत ज्यांना माहीत होतं त्यांनी श्वास धरला, आणि जिला माहीत नव्हतं ती ताईही आमच्याकडे बघून तशीच उभी राहिली. मला वाटलं, माझ्याच हातून जास्त फिरली. भाऊजींनी थरथरता हात माझ्या खांद्यावर ठेवला. त्याचा कंप माझ्या मानेपर्यंत येत होता. "काय नाय," ते अगदी हळू म्हणाले. "नवीन हाय तिला. घाबरली. थांबंल." आकडा आणखी थोडा चढला, तिथे अडकला, आणि मग उतरू लागला. ते म्हणाले, "हां. आता पुन्हा. आधीपेक्षा कमी."

शेवटी झाकण उघडलं. भिंतींवर करड्या पांढुरक्या मखमलीसारखा थर बसला होता. भाऊजींनी मऊ ब्रशने तो बाटलीत घ्यायला मलाच लावलं. मॅडमनी एक चिमूट काचेच्या बशीत घेतली आणि ती बशी दाराच्या उंबऱ्यावर, पावसाच्या वाऱ्यात नेऊन ठेवली. "आता जेवू," त्या म्हणाल्या.

ताईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरडं तिच्या हातचं म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण त्या दिवशी मी भुसा चघळतो तसा जेवलो. सगळे बशीकडे पाठ करून बसले होते आणि सगळ्यांचं लक्ष पाठीमागे होतं. भाऊजींनी भाकरीला हात लावला नाही. मॅडम एकट्याच नीट जेवल्या, वर भाकरी मागून घेतली. हात धुऊन त्या उठल्या, बशी घेऊन आल्या आणि भाऊजींपुढे धरली. "तुम्हीच सांगा."

भाऊजी मागे सरकले. "माझ्या नाकात आज डाय बसलाय," ते म्हणाले. "माझं नाक हिशेबात धरू नका." माझं तर कुठल्याच दिवशी धरण्यासारखं नव्हतं. तेव्हा मॅडमनी बशी ताईपुढे नेली. ताईने पदराला हात पुसले, बशीवर वाकली आणि बराच वेळ हुंगत राहिली. इतका वेळ, की मला ओरडावंसं वाटलं.

"कसला वास?" ती म्हणाली. "काय नाय येत."

मॅडमनी पर्समधून लाल कागदाची पट्टी काढली, पाण्याने भिजवली आणि बशीवर धरून ठेवली. अमोनिया असता तर ती निळी झाली असती. ती लालच राहिली. मॅडमनी कागद भाऊजींच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "कळवते." पण गाडीत बसताना त्यांनी आणखी दोन बाटल्या मागून घेतल्या, तेव्हाच मला कळलं. त्या गेल्यावर भाऊजी तिथेच उभ्या उभ्या गार बिरडं जेवले.

निघताना मी ताईला बाजूला घेऊन विचारलं, "हाताचं तुला ठाऊक होतं?"

"मला कसं नसंल ठाऊक?" ती म्हणाली. "कपबशी बंद करून स्टीलचा पेला कोनी दिला? अर्धा भरून देते. ते काय बोलत नाय, मी पन नाय बोलत. तू पन नको बोलू."

मी बोललो नाही. गाळा चालू आहे. पिंप उघडायचं असलं की फोन येतो आणि मी अंग घासून, नखं कापून जातो. मी तोटीवर बसतो, ते शेजारी स्टुलावर, हात मांडीखाली दाबून. "आता," "थांब," एवढंच बोलणं होतं. नक्कल करायची मी सोडून दिली. केस पुन्हा पांढरे झालेत.

त्या दिवसाच्या पावडरीची एक लहान बाटली त्यांनी मला दिली होती, झाकण मुद्दाम सैल ठेवून. म्हणाले, "तुझ्या कारखान्यात ठेव, ओल्या शाडूशेजारी. त्याहून वाईट जागा साऱ्या जगात नाय. बघू किती टिकते." ती बाटली रंगाच्या डब्यांच्या फळीवर आहे. दर रविवारी भाऊजींचा फोन येतो. तब्येत, पाऊस, गणपती यातलं काही विचारत नाहीत. "वास येतोय का?" मी उठतो, फळीशी जातो, डोळे मिटून हुंगतो. रंगाने मेलेलं माझं नाक त्यांनी गेल्या वर्षभरात चांगलं शिकवून काढलंय. "नाय येत," मी सांगतो. "मग हाय अजून," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.

गेल्या रविवारी मी नेहमीसारखा हुंगलो आणि थांबलो. अगदी बारीक, लांबून येतो तसा, पण होता. नाही म्हणून सांगावं असं फार वाटलं. ओठांवर आलंही होतं. पण त्या माणसाला वासाबद्दल खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

"भाऊजी, येतोय. थोडासा."

पलीकडे स्टीलचा पेला टेबलावर ठेवताना वाजत गेल्याचा आवाज ऐकू आला.

"येनारच व्हता कधीतरी," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. उलट लांबून चालत आलेला माणूस पडवीत टेकतो तसं काहीतरी होतं. "पन जोह्याचा अख्खा पावसाळा काढला तिनं, तुझ्या त्या चिखलात. चांगली टिकली रे." मग म्हणाले, "आता झाकन लावून टाक. सावकाश लाव."

मी फोन खांद्याला दाबून धरला आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवायला लागलो. ते पलीकडे ऐकत होते, म्हणून मी जरा जास्तच वेळ लावला.